रकाना रिकामा सोडू नये

मटणाचा अंदाज कुणाच्याही ताटात चुकावा, मेव्हण्याच्या ताटात चुकू नये. हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या आषाढात आमच्या गल्लीच्या यात्रेच्या जेवणाला माझा मेव्हणा विजयसिंह पेठ वडगावहून आलता. बसला शेवटच्या पंगतीला. त्याच्या वाटीत रस्सा आला. तांबडा, वर बोटभर तर्री, वास असा की शेजारच्या गल्लीतली माणसं खिडकीत आली. पण पीस म्हणून नाही! त्यानं चमचा फिरवला, माझ्याकडं बघितलं, परत फिरवला आणि म्हणाला, "दाजी, बोकड ह्यातनं पोहून गेलंय वाटतं."

पंगत हसली. तो हसला नाही. दिवाळीला आला नाही, गुऱ्हाळाची काकवी पाठवली नाही, फोन केला की फक्त "बोला" म्हणायचा. आणि आमची मंडळी, म्हणजे शालू, वर्षभर एकच वाक्य वेगवेगळ्या चालीत म्हणत राहिली. "माझ्या माहेरचा माणूस तुमच्या गल्लीतनं उपाशी गेला." भाजीत मीठ कमी म्हटलं तरी हेच, पंखा बंद कर म्हटलं तरी हेच. खरं म्हणजे तो अंदाज माझा नव्हताच. तो गणपतरावांचा होता. पण बायकोपुढं जबाबदारीची वाटणी करून दाखवणारा नवरा अजून जन्माला यायचाय.

बाहेरगावच्या माणसांसाठी सांगतो. आषाढात आमच्याकडं पेठापेठांतनं नदीचं नवं पाणी वाजतगाजत टेंबलाईला जातं. पुढं पी ढबाक वाजत असतं; एक सनई, एक ढोल, आणि ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलतात. देवीला पाणी पोचलं की गल्लीत चुली पेटतात आणि गावोगावचे पावणे जेवायला येतात. ह्या जेवणात पावण्याच्या वाटीत पीस कमी पडणं म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. त्याला नुसतं ऐकूनच घाम फुटतो.

तर औंदाची बैठक तालमीच्या कट्ट्यावर भरली. गणपतराव एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. दारातनं आत येणाऱ्या माणसाच्या चालीवरनं तो किती खाणार हे कळतं, असं त्यांचं शास्त्र. त्यांनी डोळे मिटून अंदाज काढायला सुरुवात केली आणि मी उठलो.

"अंदाज बास झाले," मी म्हणालो. "औंदा नोंद. प्रत्येक पावण्याची. मोबाईलवर. ॲप करणार."

"कोण करणार?"

"मी."

मंडळाचा अध्यक्ष धैर्यशील अगदी आदरानं म्हणाला, "काका, परवा मोबाईल सायलेंटवर गेला म्हणून तुम्हीच मला वरच्या मजल्यावरनं हाक मारलासा न्हवं?"

काही प्रश्न उत्तर द्यायच्या लायकीचे नसतात. मी बसलो नाही. "विजयसिंह औंदा पोटभर जेवून, ढेकर देऊन जाईल," मी म्हणालो, "न्हायतर पुढल्या साली ह्या कट्ट्यावर मी पाय ठेवणार न्हाय." बोललो खरा. घरी येईपर्यंत ते शालूला कळलंही होतं. ती म्हणाली, "बघा हं. माझा भाऊ दुसऱ्यांदा हसं करून घ्यायला येणार न्हाय." म्हणजे कट्टाही गेला असता आणि घरही.

आता माझी लायकी सांगतो. मी एका कचेरीत हेडक्लार्क होतो. कुठल्या ते सांगत नाही, तिथले लोक अजून माझ्यावर रागावून आहेत. कारण माझं एकच तत्त्व होतं: रकाना रिकामा सोडू नये. अर्ज कितीही मोठ्या माणसाचा असो, एक चौकट कोरी दिसली की मी तो परत करायचो. लोक पाठीमागं काय म्हणायचे ते मला माहीत आहे. पण माझ्या टेबलावरून अपुरा कागद कधी पुढं गेला नाही.

पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत असलेल्या माझ्या लेकीला, स्नेहलला, मी फोन लावला. तिनं तिचा जुना टॅब पाठवून दिला आणि स्विफ्ट नावाची भाषा शिकवायला घेतली.

"पप्पा, पहिल्यांदा पावणा म्हणजे काय ते लिहा."

"पावणा म्हणजे काय ते तू मला शिकवतीस?"

"तुम्हाला माहीत आहे हो. टॅबला माहीत नाही." मग तिनं सांगितलं. स्ट्रक्ट म्हणजे कोऱ्या फॉर्मचा नमुना. वर नाव लिहायचं, पावणा. आत रकाने: नाव, जेवण, जेवला. ह्या रकान्यांना म्हणायचं स्टोअर्ड प्रॉपर्टी, कारण त्यात माहिती साठवून राहते. नमुना एकच, त्यावरून पावणे हवे तितके तयार करायचे. "आणि महत्त्वाचं म्हणजे, पावणा तयार होतानाच त्याचा एकूण एक रकाना भरलेला पाहिजे. एक जरी कोरा राहिला, तर पावणा तयारच होत नाही. पुढचं काही चालतच नाही."

माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. ज्या तत्त्वापायी मला माणसांनी आयुष्यभर शिव्या घातल्या, ते तत्त्व कुणीतरी परदेशात बसून यंत्रात घातलं होतं! मी शालूला हाक मारून हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्यासारखं आणि एक आलं घरात."

पहिला मान अर्थातच मेव्हण्याचा. मी लिहिलं, पावणा, नाव: विजयसिंह. आणि बटण दाबलं. लाल! भडक लाल रेघ आणि खाली इंग्रजीत बोंब. स्नेहलला वाचून दाखवलं तर ती हसायला लागली. "पप्पा, जेवण आणि जेवला राहिले की. अर्ज अपूर्ण आहे."

माझा अर्ज! अपूर्ण! माझी कुणीतरी भर चौकात टोपी उडवल्यासारखं झालं. पण मी समजूतदार माणूस आहे. तिन्ही रकाने भरले, लाल रेघ गेली, आणि विजयसिंह पडद्यावर अवतरला. मटण खाणारा, अजून न जेवलेला. त्या क्षणी मला तो प्रत्यक्षापेक्षा बराच बरा वाटला.

एवढ्यात गणपतराव चहाला आले. आमच्याकडं ते रोजच चहाला येतात, फक्त त्या दिवसापासून हेरगिरी म्हणून येऊ लागले. "काय लिवालाय?"

"पावण्याच्या प्रॉपर्ट्या."

"कुणाच्या नावावर हायत?" ते एकदम सावरून बसले. "सातबारा बघितलासा का? सयाजीराव, पावण्याच्या प्रॉपर्टीत हात घालू नका. भावकी लई वाईट." मी समजावून सांगितलं. मग ते म्हणाले, "म्हणजे नुसतं नाव नि जेवण? त्यासाठी एवढं? मला इचारायचं की." आणि जाताना दाराशी थांबून, जुन्या दुश्मनाला द्यावा तसा सल्ला दिला. "चाल मात्र बघा हं माणसाची."

आता नोंद म्हणजे घरोघर विचारणं आलं. टॅब घेऊन मी निघालो. पहिल्याच दारात विचारलं, "तुमच्या पावण्यास्नी मटण चालतंय का?" घरमालक माझ्याकडं बघतच राहिला. आत बायकोला म्हणाला, "अगं ऐकलंस का? सयाजीराव इचारत्यात, आपले पावणे मटण खात्यात का!" दुसऱ्या दारात, "आमच्या सोयऱ्यास्नी काय आजारी समजलासा व्हय?" तिसऱ्या दारात चहा मिळाला, पण बशी आपटून. आमच्या गल्लीत माणसाला त्याचा पगार विचारावा, वय विचारावं, कर्ज विचारावं. मटण चालतं का हे विचारू नये. मी घरी येऊन पंख्याखाली पडलो.

स्नेहल म्हणाली, "मग त्या रकान्यात आधीच किंमत लिहून ठेवा. त्याला डिफॉल्ट म्हणतात. नमुन्यातच 'जेवण बरोबर मटण' लिहिलं, की प्रत्येक वेळी भरायला नको. ज्याचं वेगळं असेल त्याचंच तेवढं वेगळं लिहायचं." मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "पण पप्पा, डिफॉल्ट म्हणजे न विचारता धरलेलं उत्तर. जपून वापरा."

जपून वापरा, हे वाक्य मी औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा कधी वाचलं नाही. नमुन्यात मटण लिहून टाकलं. आणि काय सांगू, जेवणाचे सगळे रकाने आपोआप भरत गेले! नाव नि 'जेवला: नाही' एवढं टाकायचं की पावणा तयार. संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली नि गल्लीचे पावणे टॅबात गेले. मी उत्साहाच्या भरात प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी छापून आणली, खाली एक ओळ माझ्याकडनं: "भरपूर खावे." आणि घरोघर वाटली.

सकाळी दारात बसाप्पा उभे. आमच्या समोरचे बसाप्पा, मूळचे गडहिंग्लजचे, कापडाचे व्यापारी, गळ्यात लिंग, सात पिढ्यांत कुणी अंड्याकडं वळून बघितलेलं नाही. यात्रेदिवशी शाकाहारी पंगत त्यांच्याच सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसते, अशी गल्लीची जुनी रीत. त्यांच्या हातात माझी चिठ्ठी होती.

"सयाजीराव," ते अतिशय शांतपणे म्हणाले, "माझ्या सासूबाई गडहिंग्लजहून येणार हायत. त्यांच्या नावाची ही चिठ्ठी. मटण. भरपूर खावे."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मागं त्यांच्या पत्नी शांतव्वा उभ्या होत्या, पदर तोंडावर धरून. मला वाटलं रडतायत. जरा बघितलं तर हसून हसून त्यांचा जीव चालला होता. "आईला दाखवतो म्हणालो तर हे नको म्हणत्यात," त्या म्हणाल्या. बसाप्पाही मग हसले. पण जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इचारायला काय झालतं? समोरच तर राहतोय."

स्वयंपाकघरातनं शालूचा आवाज आला. "माझ्या भावाच्या चिठ्ठीवर काय लिवलंय? वरण-भात?"

मी डिफॉल्ट काढून टाकला. मटण म्हणा नाहीतर शाकाहारी म्हणा, प्रत्येकाला स्पष्ट लिहायचं. परत घरोघर गेलो, परत बोलणी खाल्ली, पण रकाने खरे भरले. ह्या गडबडीत गल्लीत ताडपत्रीचा मांडव घालायची परवानगी राहिली होती. त्यासाठी एका कार्यालयात गेलो. खिडकीत उदयसिंह नावाचा कारकून. अर्ज मिरवणुकीला आणि मांडवाला एकच. त्यानं बोट फिरवत आणलं आणि एका चौकटीवर थांबवलं.

"वाहन क्रमांक?"

"अहो, मांडव आहे. मांडवाला कसला वाहन क्रमांक?"

"रकाना रिकामा सोडता येत न्हाय, पावणं."

मी त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघून ओशाळं हसला. "साहेब, ओळखलं न्हाईसा? मी तुमच्याच हाताखाली उमेदवारी केलती. तुमचंच वाक्य हाय." आयुष्यात पहिल्यांदा मला खिडकीच्या ह्या बाजूनं ते वाक्य ऐकू आलं. ह्या बाजूनं ते फार वाईट ऐकू येतं. शेवटी मी त्या चौकटीत "नाही" लिहिलं, आणि तो समाधानानं शिक्का मारता झाला. रिकामं चालत नाही, "नाही" चालतं. स्नेहलला हे सांगितलं तर म्हणाली, "अगदी बरोबर पप्पा, आमच्यातही असंच असतं." मला वाटलं, ह्या पोरीला उगाच कॉलेजला घातलं, कचेरीत माझ्याजवळ बसवली असती तरी शिकली असती.

यात्रेच्या आदल्या दिवशी शेवटचं काम काढलं. पडद्यावर वर मोठ्या अक्षरात "बाकी" दिसायचं, म्हणजे किती जण अजून जेवायचे राहिलेत ते. पावणा जेवून उठला की त्याच्या नावापुढं "हो" करायचं, बाकी एकानं कमी. बाकी शून्य झाली की गल्ली जेवली. फक्त एक खुपत होतं. भाकरी थापणाऱ्या बायका, वाढपी, चुलीवरची माणसं, मी स्वतः, ही सगळी घरची. ही दिवसभर बाकीत दिसणार आणि आकडा फुगवणार. घरचं माणूस जेवतंच की! त्याला काय विचारायचं? म्हणून मी घरच्यांसाठी वेगळी तयारी लिहिली. हिला इनिट म्हणतात; पावणा जन्माला येताना त्याचे रकाने कसे भरायचे ते आपण सांगायचं. मी लिहिलं: घरचा असेल तर फक्त नाव घ्यायचं. जेवण, मटण. जेवला, हो.

बटण दाबलं आणि अख्खी गल्ली लाल झाली. विजयसिंहासकट सगळे पावणे! मी ओरडलो. शालू लाटणं घेऊन धावत आली, तिला वाटलं विंचू चावला.

"घाबरू नका," स्नेहल फोनवर म्हणाली. "आतापर्यंत रकाने भरायची सोय भाषेनं तुम्हाला आयती दिली होती. तुम्ही स्वतःचा इनिट लिहिलात, की ती आयती सोय बंद. आता पावण्यांचाही इनिट तुम्हीच लिहायचा."

हे मला पटकन कळलं. एकत्र कुटुंबातनं वेगळं निघालं की चूल आपली आपण मांडायची, सासूच्या तव्यावर हक्क सांगायचा नाही. मी पावण्यांचा इनिट लिहिला. त्यात "जेवला" भरायला विसरलो, तर परत लाल. तेही भरलं: नाही. शेवटी एकही रेघ लाल राहिली नाही आणि मी टॅबाला मनोमन नमस्कार केला. स्नेहलनं विचारलं, "घरच्यांच्या 'जेवला' रकान्यात काय टाकलंत?" मी म्हणालो, "ते तू माझ्यावर सोड, घरचं मला कळतंय."

यात्रा झोकात झाली. पाणी टेंबलाईला पोचलं, पी ढबाकनं गणपतरावांना नाचवलं, आणि दुपारी पंगती बसल्या. मी मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून, टॅब मांडीवर घेऊन बसलो. माणूस उठला की "हो", माणूस उठला की "हो". आमच्या सोप्यात शालू, गणपतरावांच्या मंडळी आक्का आणि शेजारच्या बनाबाई अशा तिघी भाकऱ्या थापत होत्या. थाप थाप आवाज माझ्या कानावर येत होता आणि मला तो पी ढबाकपेक्षा गोड वाटत होता. बसाप्पांच्या सासूबाई समोर वांग्याचं भरीत खाऊन तृप्त झाल्याचा निरोपही आला.

आणि विजयसिंह आला! पांढरा शर्ट, कपाळाला भंडारा, चेहरा अजून गेल्या सालचाच. मी त्याला पहिल्या ओळीत बसवला. वाटी आली. त्यानं सवयीनं चमचा फिरवला, आणि चमचा अडला. परत फिरवला, परत अडला. त्यानं माझ्याकडं बघितलं. "दाजी," तो म्हणाला, "औंदा बोकडानं मुक्काम केलाय की!" पंगत हसली, आणि तोही हसला. मला वर्षाचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, खरं सांगतो.

बाकी कमी कमी होत गेली आणि शून्य झाली. मी डेगीत डोकावलो तर चांगलं मटण शिल्लक! गणपतरावांना बोलावून दाखवलं. "बघा. कुणी उपाशी न्हाय, वर उरलंय. ह्याला म्हणत्यात नोंद." उरलं कसं हा विचार मी केला नाही, उरलं म्हणजे हुशारी. विजयसिंहला आग्रह करून परत वाढलं, आणि राहिलेली डेग पी ढबाकवाल्यांच्या टेम्पोत चढवून दिली. ते दुवा देत गेले. मी माईक हातात घेतला आणि जाहीर केलं, "गल्ली जेवली!" टाळ्या पडल्या. पोटात कावळे कोकलत होते, पण मी समजलो हे जबाबदारीचं दडपण.

विजयसिंह पान चघळत निघाला. सोप्याच्या दारात थांबला. "येतो ताई. झक्कास झालं. जेवलीस न्हवं?"

शालू परात बाजूला सारून उठत होती. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर पीठ. तिनं उत्तर द्यायच्या आधीच मी टॅब पुढं केला. "जेवली की! ही बघ नोंद. शालू: हो."

शालूनं टॅबाकडं बघितलं. मग माझ्याकडं. "मी जेवलो? कवा?" ती म्हणाली. "आणि काय होतं ताटात, ते पण इचारा की त्या टॅबाला."

आक्का मागनं म्हणाल्या, "माझं बघा की हो त्यात. माझं काय झालंय?"

मी बघितलं. आक्का: हो. बनाबाई: हो. वाढपी सगळे: हो. आणि त्याच्याखाली, सयाजी: हो. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की ते दडपण नव्हतं, ती भूक होती.

गणपतराव टॅबात वाकून म्हणाले, "माझ्या अंदाजात बायका उपाशी राहत न्हवत्या, सयाजीराव." मला ते लागलं. पण खरं लागलं ते पुढचं. विजयसिंहनं बहिणीच्या पिठाच्या हातांकडं बघितलं, पान गालात सरकवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "दाजी, गेल्या साली मला रस्सा तरी मिळालता."

मला लाज वाटली. सगळ्या गल्लीला दारोदार जाऊन विचारलं, समोरच्याच्या सासूबाईंचंही विचारलं, आणि जिच्या अब्रूसाठी हा सगळा खटाटोप मांडला, तिचं उत्तर मीच लिहून मोकळा झालो होतो.

समोरच्या सोप्यातनं शांतव्वांनी आपल्या कानडी-मराठीत हाक मारली. "अक्का, बर्री! बर्री, बर्री, समद्या या. आमच्यात पंगत उठली तरी चूल लगीच विझवत न्हाईत. कडक भाकरी हाय, भरीत हाय, शेंगांची चटणी हाय." तिघी पदर झटकत निघाल्या, मागोमाग वाढपी नि चुलीवरची माणसंही. विजयसिंहनं पान थुंकलं, बाह्या सारल्या आणि बहिणीला वाढायला स्वतः उभा राहिला. मी दाराशी घुटमळत होतो.

शांतव्वांनी विचारलं, "ह्यास्नी पान मांडू का?"

शालू घास तोडत म्हणाली, "नको. ते जेवलेत. नोंद हाय." सोपा हसला. मग तिनंच सरकून मला जागा केली. कोल्हापूरच्या यात्रेदिवशी मी वांग्याच्या भरितावर जेवलो, आणि ते इतकं चवदार होतं की मटणाची आठवण काढायलाही तोंड मोकळं नव्हतं. विजयसिंह जाताना म्हणाला, "दिवाळीला येतो. पण ताईला आधी जेवू घाला, मग मला."

दुसऱ्या दिवशी स्नेहलचा फोन आला. तिला मामानं सगळं आधीच सांगितलं होतं, त्यामुळं हसण्यात बराच वेळ गेला. मग म्हणाली, "आता तिथं 'नाही' टाकून ठेवा पप्पा. सगळे न जेवलेलेच धरा."

"न्हाय," मी म्हणालो. "तेही धरलेलंच उत्तर झालं. घरच्यांच्या रकान्यात डिफॉल्ट नको. विचारायचं आणि भरायचं."

लिहिलं तसं. घरचा इनिट आता दोन गोष्टी मागायला लागला: नाव, आणि जेवला का. तपासून बघायला शालूचं नाव टाकलं. लाल. माझी सवय अशी की कोरा रकाना बघवत नाही. टॅब हातात घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. ती माझं ताट वाढत होती.

"शालू, जेवलीस का गं?"

तिचा हात पातेल्यावर तसाच थांबला. माझ्याकडं बघत राहिली, नक्की मीच बोललो का ते पारखत. "लग्नाला एवढी वर्षं झाली," ती म्हणाली. "पहिल्यांदा इचारलंसा."

"मग? काय लिहू?"

तिनं पळी खाली ठेवली, पदरानं हात पुसले, आणि माझ्यासाठी मांडलेल्या पाटावर ऐसपैस मांडी घालून बसली.

"न्हाय, लिवा," ती म्हणाली. "आणि वाढा."

मी टॅब फळीवर ठेवला आणि भाकरीची टोपली कुठं असते ते शोधायला लागलो.